नवसाचा नेस्तोर

परदेशी माणूस कसा असतो, याबद्दल आमच्या गावाचं पक्कं मत होतं. तो उंच असतो, गोरा असतो, उन्हात टोमॅटोसारखा लाल होतो आणि हापशीचं पाणी पीत नाही. त्यामुळे मिशनमध्ये दोन वर्षांसाठी एक परदेशी ब्रदर येणार अशी बातमी लागली, तेव्हा कुरखेड्याहून येणाऱ्या बसला अर्धं गाव स्टँडवर हजर होतं. मीही होते. खोटं कशाला बोलू? शाळा सुटली होती आणि मला बघायचं होतं.

बस आली. बाजाराच्या पिशव्या उतरल्या, कोणाच्या तरी कोंबड्या उतरल्या आणि सगळ्यात शेवटी पाठीवर बॅग घेतलेला एक बुटका, सावळा, बसक्या नाकाचा पोरगा उतरला. एटापल्लीकडचा कोणी कामाला आला असेल असं समजून आम्ही त्याच्या डोक्यावरून बसच्या दाराकडे बघत राहिलो. सगळे बघतायत म्हटल्यावर तोही आमच्यात येऊन उभा राहिला आणि दाराकडे बघू लागला. दार लागलं, बस गेली. "नाई आला वाटते," उपसरपंच म्हणाले. पोरानंही हळहळून मान हलवली.

तेवढ्यात मिशनचे फादर बस्त्याव स्कूटर फटफटवत आले. "अहो, कोणाची वाट बघताय? हा काय तुमच्यातच उभा आहे!"

तो नेस्तोर. फिलिपिन्समधून आलेला, बेटांच्या देशातला. गावाचा इतका हिरमोड झाला की पानठेल्यावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. परदेशातून माणूस मागवला आणि आपल्यासारखाच पाठवला, म्हणजे फसवणूकच की.

फादर बस्त्याव मूळचे वसईचे. सत्तरी ओलांडलेले, तापट आणि आतून लोण्यासारखे. मिशन म्हणजे एक छोटं चर्च, मुलींचं वसतिगृह आणि दवाखाना. त्याच्या कुंपणाला लागून माझं घर. मी तेव्हा गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. फादर म्हणाले, "मॅडम, या पोराला जरा मराठी शिकवा. पुस्तकातली शिकवा, चांगली." मी शिकवली. 'मी जात आहे, तू जात आहेस.' तो माझ्यासमोर नीट म्हणायचा आणि तलावावर सोनाबाईकडे जाऊन 'जाऊन राह्यलो' शिकून यायचा. तीन महिन्यांत माझी मराठी हरली.

सोनाबाई म्हणजे आमच्या गावची ढिवरीण. तलावातले मासे टोपलीत घेऊन दारोदार विकणारी, पावसाळ्यात लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोजीनं जाणारी आणि वर्षभर गावाची उणीदुणी काढणारी. तिच्या जिभेला मी स्वतः टरकून असते. नेस्तोरनं पहिल्याच आठवड्यात तिच्याकडून झिंगे घेतले आणि अंबाडी घालून आंबट रस्सा केला, त्याच्या आईच्या पद्धतीनं. वाटीभर तिला नेऊन दिला. तिनं चाखला, त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "हा कायचा परदेशी? हा तं आपल्यातलाच हाय, चुकून तिकडं पैदा झाला."

त्याच्या सवयी सांगायच्या तर पहिली दाराची. कोणाकडेही गेला तरी उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, हाक मारायची नाही, खाकरायचं नाही. कोणी 'ये' म्हणेपर्यंत नुसता उभा. मी एकदा भांडी घासून, पाणी भरून, केस विंचरून बाहेर आले तर हा आपला उभाच. "अरे, मेल्या, हाक मारायला काय होतं?" मी ओरडले. तो म्हणाला, "तुमी कामात होत्या मॅडम." खांद्यावर कायम एक दुपट्टा, इकडच्या पुरुषांसारखा. विचारात पडला की त्याचं टोक पिळत बसायचा, इतकं की त्या टोकाची पार वात झाली होती. काम करताना शीळ घालायचा, आणि शीळ इतकी बेसूर की वसतिगृहाच्या पोरी कानांवर हात ठेवायच्या. सकाळच्या प्रार्थनेत त्याला हमखास झोप लागते, अशी फादरांची तक्रार होती.

आणि त्याचं ते एक वाक्य. गावात कोणी विचारायचं, "काय नेस्तोरभाऊ, ठरलं का?" की हा हसून म्हणायचा, "आयकून राह्यलो."

काय ठरायचं होतं ते मला फादरांनी सांगितलं, माझ्या ओट्यावर चहा पिता पिता. ब्रदर म्हणजे अजून पुरता फादर न झालेला. दोन वर्षं परक्या मुलखात राहायचं, काम करायचं, मन तपासायचं. दुसऱ्या वर्षीच्या ईस्टरपर्यंत उत्तर द्यायचं की शेवटची व्रतं घेणार की घरी जाणार. व्रतं घेतली की मग लग्न नाही, शेत नाही, मागे फिरणं नाही. "आम्ही त्याला पाचारण म्हणतो," फादर म्हणाले. मला आपलं पेपरातलं आठवलं, अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आलं. मी तसं म्हटल्यावर फादर इतके हसले की बशीतला चहा सांडला. मग गंभीर झाले. "थट्टा नाही, मॅडम. पोरगा रात्ररात्र तळमळतो. त्याला ऐकू येत नाहीये."

उपसरपंचांनी त्याला पानठेल्यावर एकदा आडवं घेतलंच. "काऊन रे भाऊ, आमाले बाटवायले आला का?" नेस्तोर दुपट्ट्याचं टोक पिळत म्हणाला, "मी कोन हावो तेच मले अजून माईत नाई. तुमाले काय करू?" उपसरपंचांनी त्याला तंबाखूचा खर्रा देऊ केला, तो त्यानं नाकारला, आणि विषय तिथंच मिटला.

खरी गोष्ट बाहेर आली ती रोवण्यात.

आमच्याकडे धानाची रोवणी बायका करतात. पुरुष चिखल करतात, पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या आणून टाकतात आणि बांधावर बसून सूचना देतात. नेस्तोरच्या गावी मात्र हे काम सगळेच करतात. तो पँट गुडघ्यापर्यंत वर करून सरळ बायकांच्या ओळीत जाऊन वाकला. आधी हशा झाला. मग बायकांनी पाहिलं की याचा हात चांगला चालतो, तेव्हा त्यांनी त्याला ओळीत मधोमध घेतलं आणि चौकशा सुरू केल्या. रविवार होता, बांधी माझ्या दिराची होती, मी बांधावर चहाची किटली घेऊन उभी होते. त्यामुळे सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"लगन काऊन नाई केलं?" सोनाबाईनं विचारलं.

"मायनं मले देवाले देल्लं."

"म्हंजे?"

मग त्यानं वाकल्या वाकल्याच सांगितलं. लहानपणी त्याला ताप आला होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा आई चर्चमध्ये जाऊन गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, हा वाचू दे, मी हा तुलाच देईन. तो वाचला. तेव्हापासून घरात, गावात सगळ्यांना ठाऊक की नेस्तोर फादर होणार. त्याला कोणी विचारलंच नाही. त्याच्या भावानं शेत घेतलं, त्याला आवडणारी एक पोरगी होती तिचं लग्न झालं, आणि हा शिकत शिकत इथवर आला.

"अवो बाई, नवसाचा हाय का हा!" ओळीतल्या बायका एकदम म्हणाल्या. फादरांना जे मला समजावताना दोन कप चहा लागला, ते या बायकांना एका वाक्यात कळलं. नवसाचं लेकरू म्हणजे काय हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही.

सोनाबाई मात्र थांबली. हात चिखलातच. "मंग फेडला का नवस?"

"फेडून राह्यलो ना. म्हनून तं आलो इथी."

"तू?" ती कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. "तू काऊन फेडून राह्यला? बोलली कोन?"

"माय."

"मंग जे बोलते तेच फेडते ना बाबा! लेकराले कायचा नवस? लेकरू तं तापात होतं."

बायकांनी माना डोलावल्या. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. नेस्तोर मात्र हातातली पऱ्ह्याची मूठ तशीच धरून उभा राहिला. त्या दिवशी त्यानं पुढे शीळ घातली नाही.

त्यानंतरचे त्याचे महिने वाईट गेले. शिकवणीला यायचा, वही उघडायचा आणि बसून राहायचा. एकदा मला म्हणाला, "मॅडम, हाक आली असं वाटते. पन देवाची आली का मायची आली, हे कसं वळखाचं?" मला काय ठाऊक? मी त्याला चिवडा दिला. माझं स्वतःचं मत एव्हाना झालेलं होतं आणि ते मी त्याला ऐकवलंही. "हे बघ, आईचं मन मोडवत नाही म्हणून आयुष्य काढू नकोस. घरी जा, चांगली मुलगी बघ, शेती कर. देव काही उपाशी नाहीये तुझ्यावाचून." फादरांना हे कळलं तेव्हा ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मग स्वतःच आले आणि म्हणाले, "तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर आहे. आईसाठी फादर झालेला माणूस मलाही नकोय. असे पाहिलेत मी. कडू होतात म्हातारपणी." त्यांना या पोराचा लळा लागला होता. आपल्या मागे दवाखान्याची पेटी यानं उचलावी, ही त्यांची इच्छा लपत नव्हती, आणि त्याला तसं सांगायचंही नव्हतं.

तोड शेवटी सोनाबाईनं काढली. एका रविवारी संध्याकाळी टोपली डोक्यावरून उतरवून माझ्या ओट्यावर बसली आणि शिकवणीला आलेल्या नेस्तोरला म्हणाली, "लाव तुया मायले फोन."

गावात नेटवर्क नीट येतं ते फक्त माझ्या ओट्याच्या कोपऱ्यात, म्हणून हे सगळं माझ्याच घरी झालं. पडद्यावर एक बारकी, चष्म्यातली बाई आली, मागे चूल आणि टांगलेली भांडी. सोनाबाईनं फोन इतका जवळ धरला की त्या बाईला हिच्या नाकपुड्यांशिवाय काही दिसलं नसेल. "राम राम वो बाई!" ती ओरडली. समुद्रापलीकडे आवाज पोचावा म्हणून. नेस्तोर मधे बसून इकडचं तिकडे करत होता. फादर खुर्चीत पेपर वाचत असल्याचं सोंग करत होते. पेपर उलटा नव्हता एवढंच.

"इचार तिले, तुयासाठी नवस बोलली का?"

"बोलली म्हनते."

"मीबी बोलली होती म्हना. माया रामदास असाच तापला होता. मी मार्कंड्याच्या महादेवाले म्हनलं, वाचव, त्याच्या भारोभार गूळ देतो. वाचवला. मी गूळ देल्ला, न् पोरगा घरी घेऊन आली. पोरगा कोन देते वो बाई?"

नेस्तोरनं ते हळू आवाजात सांगितलं. पलीकडे ती बाई चष्मा काढून काहीतरी म्हणाली. नेस्तोर दुपट्ट्याचं टोक पिळू लागला.

"काय म्हनते? सांग ना!"

"म्हनते," नेस्तोर पडद्याकडे बघत म्हणाला, "म्हनते, घरात दुसरं काई नव्हतंच द्यायले."

सोनाबाईनं पदर तोंडाला लावला. मी चहाचं निमित्त करून आत गेले, कारण माझेही डोळे भरले होते. बाहेर आले तेव्हा सोनाबाईनं स्वतःला सावरलं होतं आणि तिचा बाजारातला आवाज परत आला होता.

"आता काय हाय तुया घरी? इचार."

"आता धान हाय म्हनते. यंदा चांगलं झालं."

"मंग धान दे म्हना! पोराच्या भारोभार. तुयाच देवळात, गरिबाले वाट. नवस तुनं बोलली, तुनंच फेड. पोराले मोकळा कर."

ती बाई डोळे पुसत हसली. मग घाबरून तिनं एक प्रश्न विचारला. देव मानेल का?

यावर आम्ही सगळ्यांनी फादरांकडे पाहिलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. "मानेल, मानेल. मी सांगतो म्हणावं." आणि माझ्याकडे वळून कुजबुजले, "तो आल्यापासून मी हेच सांगतोय त्याला. पण माझं ऐकतो कोण? त्याला ढिवरीण लागते."

आता भारोभार धान द्यायचं तर पोराचं वजन करायला हवं. दवाखान्यातला काटा मोडलेला. मग दोन दिवसांनी वरात निघाली सोसायटीच्या धान खरेदी केंद्रावर. तिथं पोत्यांच्या मोठ्या काट्यावर हमालांनी त्याला बसवलं. तो तलावातून रामदासबरोबर जाळं ओढून थेट आला होता, अंगावरून पाणी निथळत होतं. "ओलावा किती धरायचा मॅडम?" काटेवाला मला गंभीरपणे म्हणाला. ओल्या धानाचं वजन कापतात ना, तसं. हमालांनी त्याच्या पाठीवर खडूनं खूण केली, एकानं त्याला बारदान्यात भरायचीही तयारी दाखवली. नेस्तोर हसून हसून काट्यावर आडवा झाला. सहा-सात महिन्यांनी तो तसा हसत होता. काट्यावरचा फोटो त्याच्या आईला गेला आणि काही दिवसांनी तिचा आला. चर्चच्या पायरीवर ती ताठ उभी, शेजारी धानाची पोती, आणि लोक भांडी घेऊन आलेले. सोनाबाईनं तो फोटो डोक्याला लावला आणि नेस्तोरच्या पाठीत एक धपका घातला. "झाला तू मोकळा. जा आता, लगन कर!"

आणि खरंच तो मोकळा झाला. इतका, की फादरांची झोप उडाली. सकाळच्या प्रार्थनेला जाईना. रामदासबरोबर तलावावर पडून राहायचा, पोरांशी व्हॉलीबॉल खेळायचा, शीळ घालायचा, सोनाबाईच्या अंगणात बासी भात खायचा. घरी जाऊन भावाबरोबर शेती करीन म्हणायचा. कोणत्या बांधीत काय लावायचं याचे बेतसुद्धा सांगायचा. मी मनात म्हटलं, चला, सुटला. ईस्टर जवळ आला होता.

आमच्या गावाच्या वर जंगलात एक टोला, म्हणजे लहानशी वस्ती, आहे. तिथं मासू आजा नावाचे एक गोंड म्हातारे राहायचे. त्यांच्या पायाची जखम बरी होईना म्हणून फादर आणि नेस्तोर दर सोमवारी पट्टी बदलायला जायचे. मोकळा झाल्यापासून नेस्तोर जात नव्हता, फादर एकटेच जात.

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. सकाळी सगळं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली आणि हवेत तो गोडसर वास. मी अंगण झाडत होते. पाहते तर नेस्तोर दवाखान्याची पेटी घेऊन टोल्याच्या वाटेला लागलेला.

"काय रे? आज काय सोमवार आहे का?"

"नाई मॅडम."

"फादरनी पाठवलं?"

"फादर झोपले हाय."

"मग कोणी सांगितलं तुला?"

"कोनी नाई," तो म्हणाला आणि चालू लागला. दोन पावलं गेला असेल, एकदम थांबला. वळून माझ्याकडे पाहिलं. "कोनीच नाई सांगतलं, मॅडम," तो पुन्हा म्हणाला, पण ते मला नव्हतं. मग हळूहळू चालत गेला. मी झाडू हातात धरून तशीच उभी राहिले, मला आपलं काहीतरी वेगळंच वाटलं.

परतला ते उन्हं कलल्यावर. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी 'ये' म्हटलं, पाणी दिलं. तो खाली बसला.

"आजानं इचारलं, आज काऊन आला? मी म्हनलो, माईत नाई. पट्टी बांधली. मंग उठाचं मन नाई झालं. ते बोलत नाई, मीबी बोलत नाई. त्यायचा हात धरून बसलो दिवसभर. मनातल्या मनात प्रार्थना करत. झोप नाई आली, मॅडम." एवढं सांगून तो स्वतःच हसला. "मले वाटलं, मी याच्यासाठीच हावो."

मी काही इतक्या सहज ऐकणारी नाही. "हे बघ, एवढंच असेल तर नर्सिंग कर. डॉक्टर हो. पट्ट्या बांधायला लग्न सोडावं लागत नाही."

त्यानं दुपट्ट्याचं टोक हातात घेतलं, पण पिळलं नाही. "पट्टी तं कोनीबी बांधते, मॅडम. पट्टी बांधून झाल्यावर जो बसते ना, त्याचं काम पायजे मले."

"मग ठरलं म्हणायचं?"

"आयकून राह्यलो," तो म्हणाला आणि पेटी उचलून गेला.

ईस्टर झाला. त्यानं उत्तर दिलं, पण काय दिलं ते फक्त फादरांना. मी दोनदा आडून विचारलं तर म्हातारा म्हणतो, "त्याचं त्याला सांगू द्या." पोरानंही सांगितलं नाही. मला राग आला. माझ्या ओट्यावर एवढं रामायण झालं आणि मलाच पत्ता नाही! मी ठरवलं, आपण होऊन विचारायचं नाही. जायचं तर त्याला दोन्हीकडून होतंच. व्रतं घ्यायची तरी घरी जाऊन आणि शेती करायची तरी घरी जाऊनच. त्यामुळे त्याच्या बॅगेवरून काही कळत नव्हतं. पानठेल्यावर दोन तट पडले होते. उपसरपंच ठामपणे लग्नाच्या बाजूनं होते.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्याच स्टँडवर, जिथं आम्ही त्याच्या डोक्यावरून बघत उभे होतो. या वेळी अर्धं नाही, अख्खं गाव आलं होतं. मासू आजासुद्धा नातवाच्या गाडीवर बसून आले होते. वसतिगृहाच्या पोरी रडत होत्या. फादर कोणाशी बोलत नव्हते, सारखा चष्मा पुसत होते. बस आली. कंडक्टर दारातून म्हणाला, "एवढी गर्दी कायची? कोनी परदेशी जाऊन राह्यला म्हनते इथून?"

"परदेशी कोनी नाई इथी," सोनाबाई त्याच्या अंगावर खेकसली. "आमचा पोट्टा जाऊन राह्यला. नीट ने."

नेस्तोर चढला, खिडकीशी बसला. मी खिडकीखाली उभी होते, तोंड फुगवून. त्यानं वाकून पाहिलं.

"मॅडम, तुमी इचारलंच नाई."

"काय विचारायचं?"

"ठरलं का म्हनून."

"तुला सांगायचं असतं तर सांगितलं असतंस."

"तुमी कामात होत्या," तो म्हणाला, आणि मला हसू आलं, रागात असूनही. बसनं गिअर टाकला. मी खिडकीच्या गजाला हात लावून चार पावलं चालले. "सांग रे बाबा आता. ठरलं का?"

"आयकू आलं, मॅडम," तो ओरडला. "मायनं नवस बोलला नसता, तरी मी आलोच असतो!"

बस पुढं गेली. खिडकीतून तो दुपट्टा हलत राहिला, पिळून वात झालेलं टोक खाली, वळणावर सागाची झाडं येईपर्यंत. फादर आता उघडउघड रडत होते आणि हसतही होते. मलाही आवरलं नाही. मी त्याला घरी जा म्हणून सांगणारी बाई, पण त्या क्षणी मला इतका आनंद झाला की काय सांगू.

सोनाबाई माझा पदर ओढत होती. "काय म्हनला? मले आयकू नाई आलं. लगन करते का?"

"नाही. फादर होतोय. म्हणाला, नवस नसता तरी आलोच असतो."

"आँ? मंग एवढं वजन काऊन केलं आपन त्याचं? मायचं धान गेलं ना फुकट!"

"त्याच्यासाठीच केलं, सोनाबाई," मी म्हटलं. "वजन केलं नसतं तर त्याला हे कधी कळलंच नसतं."

तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, टोपली उचलली. "बरं झालं मंग," ती म्हणाली. "धान गरिबाच्या पोटात तं गेलं." आणि फादरांच्या समोर जाऊन उभी राहिली. "चाला, रडू नका. तो येते परत. तवर तुमची पेटी रामदास उचलते सोमवारी."